तोंड बघणाऱ्याने किती बोलावं?

तोंड आलं की आपल्याकडे आधी उष्णतेवर खापर फुटतं. मग जाईचा पाला चघळणं, तुरटीच्या गुळण्या, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं, कारण बहुतेक व्रण आठ-पंधरा दिवसांत आपोआप भरतात. प्रश्न उरतो तो बाकीच्या थोड्यांचा. काही लैंगिक आजारांच्या खुणा तोंडात उमटतात, आणि त्या पुष्कळदा सगळ्यांत आधी दिसतात दंतवैद्याला. त्याने त्याबद्दल बोलावं का? बोलावं तर किती, आणि कुणाशी?

या प्रश्नावर इथे दोघे जण वाद घालत आहेत. भाऊ तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. त्याची थोरली बहीण उपजिल्हा रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात समुपदेशक आहे. दोघं कल्पित आहेत, पण त्यांच्या तोंडचे मुद्दे रोजच्या व्यवहारातले आहेत.

भाऊ: ताई, माझं म्हणणं सरळ आहे. माणूस खुर्चीत बसतो, वर दिवा लागतो, तोंड उघडतो. ओठ, जीभ, टाळू, गालाची आतली बाजू, जिभेखालचा भाग, एवढं निरखून बघणारा डॉक्टर त्याला दुसरा कुणी भेटत नाही. तिथे मला उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा संशय आला आणि मी दात साफ करून त्याला वाटेला लावलं, तर मी डॉक्टर कसला?

ताई: संशय आला म्हणजे नेमकं काय दिसलं, ते आधी सांग.

भाऊ: ओठावर किंवा जिभेवर एखादाच व्रण. कड टणक, बूड टणक. बहुधा दुखत नाही. हनुवटीखाली, मानेला गाठी लागतात. जंतू शिरल्यापासून १० ते ९० दिवसांत कधीही उठतो, पण साधारण तीन आठवड्यांनी. जननेंद्रियांच्या बाहेर हा व्रण येण्याची सर्वांत नेहमीची जागा तोंडच आहे.

ताई: आणि तंबाखूची गोळी धरणाऱ्याच्या ओठाला टणक, न दुखणारा व्रण आला तर? तो कॅन्सरचाही असू शकतो. तुटलेल्या दाताची धार रोज जिभेला घासत असेल तरी व्रण होतो. क्षयाचाही होतो. तू बघून ओळखलंस असं तुला वाटतं, पण तुझ्या हातात असतो तो फक्त अंदाज.

भाऊ: मान्य. म्हणूनच मी चाचणी म्हणतोय, निदान म्हणत नाही. पण मला घोर लागतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कॅन्सरचा व्रण राहतो, वाढतो, कधी ना कधी माणसाला दवाखान्यात आणतो. उपदंशाचा पहिला व्रण तीन ते सहा आठवड्यांत औषधाशिवाय भरून येतो. त्या काळात माणसाने जे लावलं असेल, टाकणखार म्हण, बोरोग्लिसरीन म्हण, त्याला श्रेय मिळतं. जंतू तोवर रक्तातून सगळ्या अंगात गेलेला असतो. पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरी पायरी येते: तोंडात राखाडी-पांढरे चट्टे, कधी गोगलगाय सरकून गेल्यासारखी वळणदार रेघ, ओठांच्या कोपऱ्यात चिरलेल्या गाठी, तळहातांवर आणि तळपायांवर न खाजणारं पुरळ, बारीक ताप. तेही जातं. मग वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. काही जणांच्या बाबतीत पुढे हृदय, मेंदू, डोळे यांवर घाला येतो, टाळूला भोकसुद्धा पडतं. सुरुवातीला पकडलं तर इलाज काय? बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक वेळचं इंजेक्शन. १९४३ पासून पेनिसिलिन या रोगावर वापरतात आणि आजवर हा जंतू त्याला दबकून आहे. एवढा स्वस्त, खात्रीचा उपाय हाताशी असताना फक्त संकोचापायी गप्प बसायचं?

ताई: गप्प बस असं मी म्हणतच नाही. तुम्ही लोक बोलता कसं, त्याला माझी हरकत आहे. ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका घेऊन एखादी मुलगी तुमच्याकडे येते. तुम्ही चष्मा वर करून म्हणता, ‘हर्पीस आहे,’ आणि पुढच्या रुग्णाला हाक मारता. ती घरी जाऊन फोनवर शोधते. पहिल्याच ओळीत ‘लैंगिक आजार’ वाचते. तिचं लग्न ठरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसून रडत असते.

भाऊ: पण ओठावरचा हर्पीस बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या विषाणूचा असतो. लहानपणी आत्या-मावशीने पापा घेतला तरी लागतो.

ताई: हे तू मला सांगतोस. तिला का सांगत नाहीस? जगातल्या ५० वर्षांखालच्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात तो विषाणू असतो. एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठीत दबा धरून राहतो आणि ताप, ऊन, जागरण, पाळी असं काही निमित्त झालं की ओठावर येतो. त्यावरून कुणाच्या वागण्याबद्दल काहीही ठरत नाही. फोड ओले असताना कुणाचा मुका घेऊ नको, तान्ह्या बाळाचा तर नकोच, आणि मुखमैथुन टाळ, कारण हाच विषाणू खालीही जातो. एवढी चार वाक्यं बोलायला किती वेळ लागतो?

भाऊ: गर्दीच्या वेळी तेवढाही नसतो.

ताई: मग नावही घेऊ नकोस. अर्धी माहिती ऐकून माणूस कुठे जातो, ठाऊक आहे ना? एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, हमखास इलाज’ लिहिलेलं असतं तिथे. तिथे त्याची चाचणी होत नाही, खिसा मात्र रिकामा होतो.

भाऊ: तुझ्या या बोलण्याला एक उलटी बाजू आहे. आपण डॉक्टर लोक लाजलो म्हणून तर त्या भिंतीवरच्यांचं फावलं. ‘गरमी’, ‘परमा’ हे शब्द आपल्या आज्यांच्या पिढीला माहीत होते. लोक कुजबुजत का होईना, पण बोलत. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात फिरंगरोगाचं, म्हणजे उपदंशाचंच, वर्णन आहे. पोर्तुगीज आल्यावर इथे पसरलेला हा आजार वैद्यांनी पाहिला, लिहून ठेवला. त्यावर रसकापूर, म्हणजे पाऱ्याचं औषध सांगितलंय, आणि ते कणकेच्या गोळीत घालून दाताला न लागू देता गिळायचं. पाऱ्याने हिरड्या सुजतात, लाळ गळते, दात हलतात, हे त्यांच्या अनुभवाचं असणार.

ताई: म्हणजे आजाराइतकीच उपचाराचीही खूण तोंडात.

भाऊ: हो. युरोपातही पाऱ्याचाच मारा चालू होता. तिथे १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना जंतू सापडला, १९०६ मध्ये वासरमनची रक्तचाचणी आली, १९१० मध्ये एर्लिखचं साल्वरसान हे औषध. तोवर वैद्याला डोळ्यांवरच विसंबावं लागे. लंडनच्या जोनाथन हचिन्सनने एकोणिसाव्या शतकात मुलांच्या दातांवरून जन्मजात उपदंश ओळखायला शिकवलं: पुढचे कायमचे दात टोकाकडे निमुळते आणि कडेला खाच. त्यासोबत डोळ्याच्या बुबुळाचा दाह आणि बहिरेपण. ही तीन लक्षणं आजही त्याच्या नावाने ओळखतात.

ताई: त्या दातांचाच विचार कर. कायमचे पुढचे दात येतात सहा-सात वर्षांनी. तू ते बघतोस तेव्हा त्या मुलाच्या आईची गरोदरपणातली तपासणी हुकून सात-आठ वर्षं झालेली असतात. आमच्याकडे गरोदर बाईची एचआयव्ही आणि उपदंशाची चाचणी सरसकट करतात, ती यासाठी. वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर मूल वाचतं. तू दातांवरून जे वाचतोस ते काम आम्ही रक्तावरून मूल पोटात असतानाच करतो. डोळ्यांवर इतका भार टाकू नकोस.

भाऊ: पण तुझ्या चाचणीपर्यंत येतं कोण? गरोदर बाई येते, कारण तिला पाठवतात. तिचा नवरा येतो का? तो माझ्याकडे येतो, दाढ दुखते म्हणून.

ताई: हा मुद्दा चांगला काढलास, आणि माझी खरी भीतीही इथेच आहे. बाईची चाचणी आधी होते, म्हणून आजाराचं नाव आधी तिला चिकटतं. ‘तूच कुठून आणलंस,’ असं तिलाच विचारतात. आता तुझ्या दवाखान्याचं चित्र बघ. बाई खुर्चीत, शेजारी सासू उभी, पलीकडे तुझी मदतनीस, पडद्याबाहेर चार माणसं. तू तिच्या जिभेकडे बघून म्हणालास, ‘हे जरा वेगळं दिसतंय, नवऱ्याला घेऊन या,’ तर संध्याकाळी त्या घरात काय होईल?

भाऊ: सासूला बाहेर पाठवता येतं. एक्स-रे काढायचा म्हटलं की कुणी थांबत नाही.

ताई: मग तेच कर. आणि चिठ्ठीवर काय लिहितोस?

भाऊ: ‘सिफिलिसची शंका, तपासावे.’

ताई: ती चिठ्ठी उघडी असते, केसपेपरच्या खिडकीवरून सरकते, वाटेत तिघं वाचतात. ‘तोंडात न दुखणारा व्रण, इतके दिवस, मानेला गाठी, रक्ततपासणी आणि मत हवे,’ एवढं लिही आणि लिफाफा बंद कर. आमचा डॉक्टर समजतो.

भाऊ: ठीक. पण एचआयव्हीचं काय? तिथे तोंड सगळ्यात बोलकं आहे. जून १९८१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांचा पहिला अहवाल छापून आला. न्यूमोनियाचे रुग्ण होते, पण पाचही जणांना श्लेष्मल त्वचेवर कॅन्डिडाची बुरशी होती. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जिभेच्या कडेवर न पुसता येणारा, केसाळ दिसणारा पांढरा चट्टा पहिल्यांदा नोंदवला गेला. टाळूवरचे जांभळे डाग कापोसी सार्कोमाचे. हिरड्या झपाट्याने सडणं. रोगप्रतिकारशक्ती ढासळल्याचं तोंड लवकर सांगतं.

ताई: कॅन्डिडा मधुमेह्याला होते, रात्रंदिवस कवळी घालणाऱ्याला होते, दम्याचा पंप मारून चूळ न भरणाऱ्याला होते, तान्ह्या बाळाला होते.

भाऊ: पण या कशातही न बसणाऱ्या तिशीच्या तरुणाला झाली, तर मी साखर तपासायला सांगतोच. एचआयव्हीची चाचणीही सांगायला नको?

ताई: सांग. जरूर सांग. पण त्याला कळू न देता रक्त काढून ‘सगळ्या तपासण्या’ पाठवू नकोस. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही. निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही. उपचारासाठी आधी चाचणी करून या, अशी अट घालायची नाही. आणि निकाल पॉझिटिव्ह आला म्हणून दात काढायला नकार द्यायचा नाही.

भाऊ: शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणालीस!

ताई: तुमच्या पेशाकडे बघून म्हणाले. दात दुखतोय म्हणून तीन दवाखाने फिरून आलेली माणसं आमच्याकडे येतात. हातमोजे, मास्क, ऑटोक्लेव्हमधली हत्यारं हे प्रत्येक रुग्णासाठी सारखंच असायला हवं, कारण ज्याची चाचणी झालेली नाही त्याचं तुम्हाला काहीच माहीत नसतं. जो औषधं घेतो त्याच्या रक्तातला विषाणू सापडेनासा होतो. सरकारी केंद्रांतून ही औषधं २००४ पासून मोफत आहेत आणि २०१७ पासून निदान होताच सुरू करतात. तुझी ती बोलकी लक्षणं औषधाने बरीचशी निघून जातात. म्हणजे तोंड स्वच्छ दिसतं म्हणून एचआयव्ही नाही, असंही म्हणता येत नाही.

भाऊ: हा मुद्दा मलाही खटकतो. परम्याचा, म्हणजे गोनोरियाचा, जंतू आणि क्लॅमिडिया घशात राहतात तेव्हा बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. फार तर किंचित घसा दुखतो. मी कितीही निरखलं तरी सापडणार नाही. आणि घशातला परमा बरा करायला इतर जागांपेक्षा चिवट असतो. प्रतिजैविकांना न जुमानणारे प्रकार तिथे तयार होतात, ही जगभरच्या डॉक्टरांची चिंता आहे.

ताई: म्हणजे जो आजार दिसतो त्याबद्दल तू बोलायला उत्सुक, आणि जो दिसत नाही तो पसरत राहतो. तोंडाने केलेल्या संबंधात गर्भ राहत नाही, म्हणून त्यात धोका नाही असं मानणारी मुलं माझ्याकडे रोज येतात. त्यांच्याशी बोलायला खूण कशाला हवी?

भाऊ: मग मी केसपेपरवर सगळ्यांनाच विचारतो. तंबाखू खाता का, साखर आहे का, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, गरोदर आहात का, हे विचारतोच. त्यात आणखी एक प्रश्न.

ताई: आणि तो कागद तुझ्या टेबलावर पडलेला असणार, मदतनिसाने भरलेला. नको. गावात कुणाचा कागद कुणाचा भाचा बघेल, सांगता येत नाही. मुंबईत चालेल कदाचित. तालुक्याला खूण दिसली तर, एकांतात, तोंडी विचार.

भाऊ: इथे आपलं जमायचं नाही. खूण दिसल्यावरच विचारलं की माणसाला वाटतं, याने मला ओळखलं. सगळ्यांना विचारलं तर कुणालाच टोचत नाही.

ताई: मग कागदावर न लिहिता सगळ्यांना विचार. वेळ काढ. आहे तयारी?

भाऊ: बघतो. पण एक विचारू? घशाच्या कॅन्सरचं काय? मानवी पॅपिलोमा विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी कॅन्सर करतो. अमेरिकेत त्या जागेचे बहुसंख्य कॅन्सर आता त्याचेच. मानेत गाठ येईपर्यंत कळतही नाही. हे रुग्णाला लैंगिक आजार म्हणून सांगू का?

ताई: त्याचा काय उपयोग? संसर्ग बहुतेकांना कधी ना कधी होतो, आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. कॅन्सर झालाच तर तो कित्येक वर्षांनी. तेव्हा ‘कुणाकडून’ विचारून घर मोडण्यापलीकडे काही हाती लागत नाही. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं मोठं कारण तंबाखू, सुपारी, गुटखा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तरी पुड्या मिळतातच. त्यावर ओरड. आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या आई-बापांना लसीबद्दल सांग. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी म्हणून देतात, पण विषाणू तोच आहे.

भाऊ: म्हणजे काही वेळा गप्प राहणंच बरं, असं तुझं मत.

ताई: काही वेळा. आणि एका वेळी गप्प राहणं गुन्हा आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात उपदंशाचा ताजा व्रण दिसला, किंवा घशात परम्याचा जंतू सापडला, तर?

भाऊ: जन्मजात नसेल, तर… आई-वडिलांशी बोलावं लागेल. पण एवढा मोठा आरोप कसा करायचा? आधी खात्री करून घेऊ.

ताई: बघ, मोठ्यांच्या बाबतीत तू बोलायला धावतोस आणि मुलाच्या बाबतीत थबकतोस. त्या घरातलाच कुणी असेल तर आई-वडिलांशी बोलून तू मुलाला आणखी संकटात टाकशील. २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवायचंच. खात्री करणं तुझं काम नाही. न कळवणं हाच अपराध आहे. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर भिंतीवर लाव.

भाऊ: आणि मुलाच्या ओठावर साधा हर्पीस असेल तर?

ताई: तर तो लहान मुलांचा नेहमीचा आजार. बोटावरचा चामखीळ चघळून ओठावरही येतो. म्हणून तर ज्ञान पक्कं हवं. कुठे बोलायचं आणि कुठे नाही, ते तुझ्या धीटपणावर सोडता येत नाही.

भाऊ: मग मोठ्या माणसाला नेमकं काय म्हणू? शब्द सांग.

ताई: ‘असा व्रण बऱ्याच कारणांनी होतो. त्यातली काही रक्ताच्या चाचणीत कळतात, त्यात शरीरसंबंधातून लागणारे आजारही येतात. त्यावर औषध आहे. तुमची हरकत नसेल तर चिठ्ठी देतो. निकाल फक्त तुम्हाला कळेल.’ एवढंच. ‘कुठे जाता का’ विचारू नकोस. जोडीदाराचा विषय आमच्यावर सोड, कारण दोघांनाही उपचार लागतात आणि ते बोलणं एका बैठकीत होत नाही. आणि हो, पहिल्या व्रणाच्या सुरुवातीला चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. काही आठवड्यांनी पुन्हा करायला सांग.

भाऊ: तो नाही म्हणाला तर?

ताई: तर त्याला दोन आठवड्यांनी पुन्हा बोलाव. दाताच्या निमित्ताने.

वाद इथे संपला नाही. सगळ्यांना विचारावं की खूण दिसल्यावरच, यावर भाऊ-बहीण अजून दोन टोकांना आहेत. या लेखकाचा कौल भावाच्या बाजूने आहे, बहिणीच्या अटींसह. प्रश्न सर्वांना विचारावा, पण तोंडी, एकांतात आणि लेखी नोंदीशिवाय. तोंडातली खूण चाचणीची गरज दाखवते. ती कुणामुळे आणि कशी आली, हे सांगण्याची तिची ताकद नाही, आणि डॉक्टरचीही नाही.

वाचकांसाठी तीन गोष्टी. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर दाखवा. व्रण दुखत नव्हता, आपोआप भरला आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत नवा किंवा असुरक्षित शरीरसंबंध आला असेल, तर बरं वाटतंय म्हणून सोडू नका, रक्त तपासून घ्या. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये आणि एचआयव्ही चाचणी केंद्रात हे मोफत होतं. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तोही मोफत आहे.